मोगलीचं दुसरं पुस्तक, नागपूरहून वाचताना

मोगली पहिल्यांदा छापून आला तेव्हा तो लहान मूल नव्हताच, चांगला लग्नाच्या वयाचा झाला होता. १८९३ साली रडयार्ड किपलिंगच्या ‘मेनी इन्व्हेन्शन्स’ या संग्रहात ‘इन द रुख’ नावाची कथा आली. जंगल खात्यातल्या एका इंग्रज साहेबापुढे डोक्यावर पांढऱ्या फुलांची माळ घातलेला एक तरणाबांड गडी झाडीतून येऊन उभा राहतो. पुढे तो सरकारी नोकरीत लागतो, तीही पेन्शनीची, आणि साहेबाच्या खानसाम्याच्या मुलीशी संसार थाटतो. लांडग्यांची गुहा, बघीरा, शेरखान हे सगळं नंतरचं. आधी शेवट लिहून झाला, मग १८९४ मध्ये बालपण आलं, आणि मधलं अडनिडं वय, जिथे पोर ना घरचं राहतं ना बाहेरचं, ते सर्वांत शेवटी. ते पुस्तक म्हणजे १८९५ सालचं ‘द सेकंड जंगल बुक’.

आपल्याकडे हे दुसरं पुस्तक कमी वाचलं जातं. बहुतेकांची मोगलीशी ओळख १९९३ च्या सुमारास रविवारी दूरदर्शनवर लागणाऱ्या जपानी मालिकेतून झाली. तिच्या हिंदी अवतारात शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा होता, त्यामुळे वाघ मराठीच वाटायचा. त्याआधी १९६७ चा डिस्नेचा सिनेमा होता, त्यात अस्वल नाचतं आणि माकडं गातात. सिनेमाला दुसऱ्या पुस्तकाशी फारसं देणंघेणं नाही. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्याही बहुधा शेरखान मेला की पडदा पाडतात. पुस्तकाच्या दुसऱ्या भागाबद्दल एक सार्वत्रिक संशय असतो की पहिला खपला म्हणून हा काढला. पुष्कळदा तो खराही असतो. इथे मात्र उलट आहे. दुसरं पुस्तक पहिल्याहून सरस आहे, आणि ते वाचायला नागपूरइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. कारण इथला वाचक ते नुसतं वाचत नाही, त्याला ते तपासूनही बघता येतं.

किपलिंगचं ‘सीओनी’ म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की मनसर, देवलापार, मग खवासाची सीमा आणि पुढे सिवनी, असा सगळा मिळून सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. पुस्तकातली ‘वैनगंगा’ सिवनी जिल्ह्यातच उगम पावते, बालाघाटवरून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते, पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात थांबते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. तिची उपनदी कन्हान, आणि कन्हानची उपनदी पेंच. नागपूरच्या नळांना येणारं पाणी मुख्यतः या पेंच-कन्हानचं. म्हणजे मोगली ज्या नदीत अजगराबरोबर डुंबतो, तिच्याच गणगोतातलं पाणी आपण रोज पितो. ‘कान्हीवाडा’ हे गावसुद्धा खरं आहे. मोगलीला गावात आसरा देणारी मेसुआ आणि तिचा नवरा गावकऱ्यांच्या तावडीतून सुटून जिथे पळून जातात ते हेच, सिवनीच्या पूर्वेला मंडल्याच्या वाटेवर.

गंमत अशी की हे सगळं लिहिणाऱ्याने सिवनीचं जंगल पाहिलेलं नव्हतं, असं त्याचे अभ्यासक सांगतात. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याचे वडील तिथे शिकवायचे, आणि पुढे या पुस्तकांतली कितीतरी चित्रंही त्यांनीच काढली. पत्रकार म्हणून किपलिंग लाहोर आणि अलाहाबादला होता, राजपुतान्यात हिंडला होता. मोगलीच्या कथा मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावी, बर्फाने वाटा बंद झालेल्या हिवाळ्यांत लिहायला घेतल्या. सुरुवातीच्या खर्ड्यात गोष्ट अरवलीच्या डोंगरांत घडत होती. ती उचलून सातपुड्यात आणली गेली, आणि त्याला आधार बहुधा रॉबर्ट स्टर्नडेलचा असावा. हा मध्य प्रांतातला अधिकारी. १८७७ मध्ये त्याने सिवनीच्या छावणी-जीवनावर पुस्तक लिहिलं आणि १८८४ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचा एक ग्रंथ. शिवाय कॅप्टन फोर्साइथचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ पासून लोकांच्या हातात होतं.

ऐकीव जंगलावर उभं केलेलं पुस्तक म्हटलं की चुका आल्याच. मुळात लांडगा हाच चुकीच्या जागी आहे. भारतीय लांडगा माळरानाचा, गवताचा, शेळ्या-मेंढ्यांच्या वाटांवरचा प्राणी आहे. सातपुड्याच्या दाट सागवानात त्याचं राज्य नसतं, फार तर जंगलाच्या कडेच्या शेतांत तो दिसतो. लांडग्यांनी पाळलेल्या मुलांच्या ज्या हकिगती कर्नल स्लीमनने १८५२ मध्ये छापल्या, त्या अवधच्या, सुलतानपूरकडच्या होत्या. किपलिंगने अवधचं मूल उचलून सिवनीत सोडलं. आणि गोष्टीतलं माकडांचं पडकं शहर बहुधा त्याने पाहिलेल्या चित्तोडगड-आमेरवरून उतरलं असावं. सातपुड्यात पडके गड नाहीत असं नाही, पण ते गोंडांचे आहेत. तो मुद्दा पुढे येईल.

आता पुस्तकाकडे. यात आठ कथा आहेत, त्यांतल्या पाच मोगलीच्या. उरलेल्या तिन्हींपैकी एक हिमालयातल्या संन्यासी झालेल्या दिवाणाची, एक नदीकाठच्या मगरीची आणि एक पार उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट पोराची. इनुइटाची कथा पहिल्या वाचनात सोडली तरी चालेल, दिवाणाची मात्र सोडू नये. मोगलीच्या पाच कथा वाचताना मात्र एक लक्षात ठेवायला हवं. हा भाग पहिल्याच्या मागे सरळ जोडलेला नाही, तो पहिल्याच्या सांध्यांतून आत शिरतो. पहिलीच कथा, जंगलात भीती कशी आली ती, वाचायला घेतली की शेरखान जिवंत! पहिल्या पुस्तकात तो मेलेला, त्याचं कातडं सभेच्या शिळेवर पसरलेलं, आणि इथे तो नदीवर पाणी प्यायला येतो. लेखक विसरलेला नाही, काळ मागे गेलेला आहे. दुसरी कथा बरोबर तिथून सुरू होते जिथे शेरखान संपला होता. मग वर्षांमागून वर्षं जातात आणि शेवटच्या कथेत मोगली सतराच्या उंबरठ्यावर येतो. असा मागचा-पुढचा सांधा जुळवत वाचणं हे किशोरवयीन वाचकाला उत्तम जमतं. तो तक्रार न करता जुळवतो, मोठी माणसंच गोंधळतात.

भीतीची ती कथा विदर्भातल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल, कारण ती दुष्काळाची आहे. पावसाने दगा दिल्याची खूण किपलिंग काय देतो? मोह फुलला नाही. बालू अस्वलाचं आवडतं झाड ते. कंद आधीच वाळलेले असतात, मग मध आटतो, वैनगंगा खाली जाते आणि पात्रातली एक शिळा उघडी पडते. ती दिसली की हत्ती जलसंधी पुकारतो. पाणवठ्यावर जो शिकार करील त्याला मरण. हरिण, वाघ, रानडुक्कर एकाच काठावर पाणी पितात.

खऱ्या जंगलात अशी संधी नसते. पाणी आटलं की वाघाला शिकार शोधत फिरावं लागत नाही, तो पाणवठ्याशी दबा धरून बसतो, शिकार आपण होऊन येते. पण पाणी आटलं की सगळे एका जागी येतात हे किपलिंगचं म्हणणं अगदी खरं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची आपल्याकडची प्रथा त्यावरच उभी आहे. वैशाखातली भरचांदणी रात्र, भरलेला उन्हाळा आणि मोजकेच उरलेले पाणवठे. आता वाघांची गणना कॅमेऱ्यांवर होते, तरी ‘निसर्गानुभव’ म्हणून त्या रात्री मचाणावर बसायला पेंच-ताडोबाकडे लोक जातातच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ही कथा द्यायची असेल तर ती मे महिन्यात द्यावी. कूलर लावूनही घरात घाम येत असताना ती जशी कळते तशी जुलैत कळणार नाही.

पुस्तकातला खरा थरार आहे तो रानकुत्र्यांच्या कथेत. ‘रेड डॉग’ म्हणजे ढोल, आपल्याकडे ज्याला कोळसून म्हणतात तो. दख्खनेकडून दोनशेच्या वर कोळसुनांची झुंड सिवनीवर चालून येते. (दख्खनेतून सिवनीला यायचं तर वाट नागपूरवरूनच, पण किपलिंग ते सांगत नाही.) लांडग्यांपुढे दोनच पर्याय राहतात, पळायचं की मरायचं. मोगली ‘का’ नावाच्या म्हाताऱ्या अजगराकडे जातो आणि जुन्या आठवणींतून एक डाव शोधतो. वैनगंगेची एक घळ आहे, तिच्या कड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मधमाश्यांची वस्ती आहे. मोगली अंगाला रानलसूण चोळतो, झुंडीच्या म्होरक्याचं शेपूट कापून तिला चेतवतो आणि मागे लावून थेट कड्यावरून उडी मारतो. त्याला पाण्यात अजगर झेलतो. मागून येणाऱ्या कोळसुनांवर अख्खी घळ उठते. जे उरतात ते खालच्या उथळ पाण्यात लांडग्यांशी भिडतात, आणि त्या लढाईत म्हातारा लांडगा अकेला मरतो.

इथे किती खरं, किती रचलेलं? दोनशेची झुंड रचलेली. कोळसुनांचा कळप साधारणपणे पाच ते बारा जणांचा असतो, कधीमधी तिसाच्या पुढे जातो. भुंकणंही त्यांचं नव्हे, ते शीळ घातल्यासारखा आवाज काढून एकमेकांना हाक देतात. त्यांच्या बोटांमधले केस हा कथेत मोठा अपमानाचा विषय आहे, लांडगे त्यावरून त्यांना हिणवतात, आणि ते केस खरे आहेत. माश्यांची घळही खरी वाटावी अशी आहे. आग्या माश्या उंच कड्यांवर शेजारी-शेजारी मोहोळं बांधतात, वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात, आणि एकीने डंख मारला की त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर अशी मोहोळं प्रसिद्ध आहेत. रेल्वेची मोजणी करायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर माश्यांपासून वाचायला नर्मदेत उतरला आणि बुडून मेला, ही हकिगत फोर्साइथने दिली आहे. किपलिंगच्या मनात तीच जागा असावी असा माझा अंदाज. लसणाचा उपाय मात्र कुणी करून बघू नये.

पण कोळसुनांना खलनायक का केलं, हे समजायला त्या काळाचा हिशेब बघावा लागतो. शिकारी साहेबांचा कोळसुनावर राग होता. तो हरणं पळवतो, आणि जिवंतपणीच भक्ष्याचे लचके तोडतो म्हणून क्रूर. त्यामुळे सरकार त्याला मारणाऱ्याला बक्षीस देत असे. अशी बक्षिसं विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. किपलिंगने तो राग जसाच्या तसा उचलून जंगलाच्या कायद्यात घातला. आज कोळसून जगभरातल्या संकटग्रस्त प्राण्यांत मोडतो, कायद्याचं संरक्षण त्याला आहे, आणि तो बघायला लोक पैसे मोजून पेंच आणि नवेगाव-नागझिऱ्याला जातात. महामार्ग ४४ चा जो तुकडा महाराष्ट्राच्या पेंचमधून जातो तिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतलेला आहे, सर्वांत लांब तुकडा ७५० मीटरचा. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी टिपले गेले, त्यांत वाघ आहे आणि कोळसूनही. वरून ट्रक, खालून ‘रेड डॉग’. सिवनीला जाताना गाडीतल्या मुलांना हे दाखवायला विसरू नये.

हत्तींच्या कथेने मात्र गेल्या काही वर्षांत आपला रंगच बदलला आहे. लांडग्यांत वाढलेल्या मुलाला आसरा दिला म्हणून गावकरी मेसुआला चेटकीण ठरवतात, जाळायला निघतात. मोगली तिला सोडवतो आणि मग हत्तीला आणि त्याच्या तीन मुलांना गावावर सोडतो. आधी पिकं जातात, मग गुरं, मग घरं, आणि पावसाळा संपेपर्यंत गावाच्या जागी रान माजतं. शंभर वर्षं इथला वाचक हे परीकथेसारखं वाचत होता, कारण सिवनी-नागपूरकडे रानटी हत्ती उरलेच नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडेही फिरला. धानाची शेतं तुडवली गेली, घरं पडली, माणसं दगावली. या कथेतला सूड वाचताना मोठी मजा येते. कुरखेडा-वडसा भागातल्या मुलाला ती मजा तशीच येईल का, याची मला शंका आहे. त्याला मोगलीऐवजी शेत गेलेला माणूस आधी दिसेल, आणि तसं वाचणं चुकीचं नव्हे.

याच कथेत गोंड येतात. संकटात गावकरी जंगलातल्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात, आमच्यावर कोणता देव कोपला ते सांग म्हणून. तो एक शब्द बोलत नाही. रानकारल्याची वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर आडवीतिडवी बांधतो. इथे आता वेलच वाढणार, उठा. सबंध पुस्तकातली ही मला सर्वांत आवडती जागा आहे. पण बाकी पुस्तकात गोंड म्हणजे बाण मारणारे, ठेंगणे, काळे शिकारी, यापलीकडे काही नाही. राजाच्या अंकुशाच्या कथेत, जिथे एका रत्नजडित अंकुशापायी माणसं एकामागून एक मरतात, तिथेही गोंड येतो तो एका पावलाच्या ठशापुरता. (ती गोष्ट जातककथांमध्येही आहे आणि इंग्रजी कवी चॉसरनेही सांगितली आहे, किपलिंगने तिला सातपुड्यात मुक्कामाला आणलं एवढंच.) खुद्द नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पडक्या शहराचा खजिना सिवनीच्या जंगलात ठेवायचाच होता, तर तो गोंड राजाचा असायला हवा होता. स्टर्नडेल आणि फोर्साइथ वाचणाऱ्याला हे सुचू शकलं असतं.

शेवटची कथा वसंतातली. आपल्याकडे पळस पेटलेला असतो, मोहाची फुलं टपकायला लागलेली असतात, तो काळ. सगळं रान आपापल्या गाण्यात दंग, आणि मोगलीकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नाही. त्याला वाटतं आपल्याला विष चढलं. तो रात्रभर धावत सुटतो, उत्तरेच्या दलदलीपर्यंत, आणि एका झोपडीत दिवा दिसतो. आत मेसुआ, तिच्याजवळ एक लहान मूल. जंगलातल्या कोणत्याही प्राण्याला न भिणारा हा पोरगा तिथे पहिल्यांदा घाबरतो. परत येतो तेव्हा निरोपाला फक्त जवळचे उरतात. बालूची नजर गेलेली, अकेला मेलेला. एका रात्रीचा हा प्रवास मोगलीच्या सगळ्या प्रवासांत लांबचा ठरतो.

मराठी कुमारसाहित्याची आपली सवय वेगळी आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून निघून काश्मीरपर्यंत जाऊन येतो, पुस्तकामागून पुस्तक साहसं करतो, पण कायम तेवढाच राहतो. तसं असण्यात मोठं सुख आहे. कुठूनही उचला, बनेश तोच, त्याचा ‘ट्टॉक्’ तोच. मोगलीला ही सवलत नाही. त्याच्या प्रत्येक पुढच्या कथेत कुणीतरी म्हातारं होतं किंवा मरतं. बारा वर्षांच्या वाचकाला फेणे हवा, पंधराव्या वर्षी मोगलीचा हा दुसरा भाग हातात पडावा. दोन्ही हवेत, फक्त क्रम उलटा होऊ नये.

राहिली ‘इन द रुख’. ती दोन्ही पुस्तकांच्या बाहेर आहे, पण वसंताच्या कथेनंतर वाचलीच पाहिजे. तीत मोगलीला नोकरी देताना साहेब कामं सांगतो: वाघांच्या हालचाली कळवायच्या, आणि परवानगीशिवाय चरायला आणलेल्या गावच्या बकऱ्या जंगलातून हाकलायच्या. ज्या गावावर त्याने हत्ती घातले, तशाच गावांवर आता तो सरकारचा पहारेकरी. किपलिंगला यात काही खटकलं नाही. खटकलं ते लोकांना. १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाले. जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचं गवत कापून कायदा मोडला. ९ ऑक्टोबर १९३० रोजी सिवनी जिल्ह्यातल्या टुरिया गावी गवत कापायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन स्त्रिया आणि एक पुरुष असे चार गोंड मारले गेले. खवासाहून आत वळल्यावर पेंचमध्ये शिरायचं मध्य प्रदेशातलं मुख्य प्रवेशद्वार लागतं, ते याच टुरियाचं. मोगलीच्या नावाची हॉटेलं आणि पाट्या तिथूनच सुरू होतात.